साडेदहाचं मैदान

आमच्या ऑफिसात किस्से फार साठतात, कारण घरी सांगायची सोय नाही. बायको विचारते, "आज काय केलंस?" मी म्हणतो, "फोटो बघितले." सनीव्हेलमध्ये बसून आम्ही सॅटेलाइटचे फोटो वाचतो. समोरच्या देशाने अण्वस्त्रं कुठे लपवलीत ते शोधायचं. तुम्ही आपले म्हणून सांगतो, देशाचं नाव तेवढं विचारू नका!

*

आमचे गुरू मधुकाका. सॅटेलाइटचे फोटो फिल्मवर यायचे, त्या जमान्यापासून याच धंद्यात. रिटायर झाले तरी कंपनी बोलावते.

इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला आम्ही उशिरा पोचलो. काकांनी लांबूनच पार्किंगवर नजर टाकली. "परत फिर रे. गाड्या निघायला लागल्या, म्हणजे श्रीखंड संपलं!"

खरंच संपलं होतं. काकू म्हणाल्या, "ह्यांना आकाशातून सगळं दिसतं. फ्रिजमधला डबा तेवढा दिसत नाही!"

*

थंडीत ज्या छपरावरचा बर्फ आधी वितळतो, तिथे आत काहीतरी चालू असतं. असं एक छप्पर आम्ही महिनाभर ट्रॅक केलं. रोज ट्रक, रोज धूर. शेवटी कळलं, बेकरी!

बॉस म्हणाला, "पावाचं प्रॉडक्शन वाढलंय, हेही इंटेलिजन्सच!" हसून हसून पुरेवाट झाली.

*

एका तळावर कमांडरच्या घरामागे भाजीचे वाफे होते. एकदा ते वाळले. "साहेबांची बदली झाली," काका म्हणाले. पुढच्या सीझनला पुन्हा हिरवे. नवीन माणसालाही भाजीची हौस!

सगळे खूश झाले. मला मात्र लाज वाटली. युद्ध झालंच, तर आमच्या रिपोर्टवरून पहिल्यांदा तेच वाफे उडणार.

*

नवी साइट सापडली की शोधणाऱ्याने डोनट आणायचे, ही आमच्याकडची पद्धत. आमची नेहा इथेच जन्मलेली, हुशार पोरगी. तिला लांबलचक इमारत सापडली. उंच कुंपण, मधे मोठं मैदान, आणि मैदानात कधीच चिटपाखरू नाही.

"शिस्त बघ केवढी!" काका म्हणाले. रिपोर्ट लष्कराकडे गेला, जागा टार्गेट म्हणून मार्क झाली. डोनट सगळ्यांनी खाल्ले, मी तर दोन.

आमचा सॅटेलाइट तिथून नेहमी सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. एकदा दुसऱ्या सॅटेलाइटचा दुपारचा फोटो आला. मैदान ठिपक्यांनी भरलेलं. छोटे छोटे ठिपके, सगळीकडे विखुरलेले.

"इट्स अ स्कूल, काका," नेहा म्हणाली. "साडेदहाला मुलं क्लासमध्ये असतात."

काका खाली बघत राहिले. मला कुणाच्या तोंडाकडे बघवेना. नेहाने तिथल्या तिथे करेक्शन पाठवलं: ही शाळा आहे, मार्क काढा.

दुसऱ्या दिवशी लष्कराकडून उत्तर आलं. "थँक्स. मैदान किती वाजता भरतं, तेवढं कळवा."

नेहाने विचारलं, "काका, काय लिहू?"