आत्याबाईंचा गंगेचा गडू

खरं सांगायचं तर त्या आजारात माझा देवावरचा विश्वास उडाला होता. ताप उतरायचं नाव घेत नव्हता आणि वैद्यांनी पाणी बंद केलेलं. तापात पाणी दिलं की माणूस दगावतं, असा तेव्हाचा समज. दिवसाकाठी चार चमचे काढा, बस्स. मी सिद्धेश्वराला रोज विनवायची, "देवा, उठव नाहीतर ने, पण घोटभर पाणी दे." देव काही बोलेना. शेवटी मीही रुसले आणि त्याच्याशी बोलणं टाकलं.

एका दुपारी माझी वाचा बसली, डोळे मिटले आणि घरच्यांनी आशा सोडली. कान मात्र शाबूत होते. शुक्रवार पेठेतलं आमचं घर लहान, सोप्यातलं बोलणं शब्दन् शब्द आत यायचं. माझे चुलत सासरे तात्या म्हणजे सगळ्याची आधी सोय करणारे. गाडीच्या दोन तास आधी स्टेशनावर जाऊन बसायचे. माझ्या बाबतीतही त्यांनी उशीर केला नाही. पंचक तर लागलं नाही ना? करकंबहून माहेरची माणसं येईपर्यंत थांबायचं का? सवाष्णीला हिरवं लुगडं लागतं, ते घरात आहे का? "हाय की, पेटीत हाय," आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रडत म्हणाल्या. ते लुगडं मला मुळीच आवडायचं नाही. त्या अवस्थेतही मला त्याचा राग आला, म्हणजे जीव बराच शिल्लक होता म्हणायचा!

मग तात्यांनी विचारलं, अग्नी कोण देणार, पोर तर तीन वर्षांचं. "त्याला कडेवर घेऊन मी देईन," हे म्हणाले. मला रडावंसं वाटलं, पण डोळ्यांत पाणीच उरलं नव्हतं. तेव्हा मी रुसवा सोडला. "देवा, लेकराला सांभाळ. माझं तुला वाटेल ते कर," इतकंच मनात म्हणाले. पाणीसुद्धा मागितलं नाही.

तेवढ्यात अंगणात बांबू टाकल्याचा आवाज आला. तात्यांनी तेही सांगून ठेवले होते! ते घेऊन आलेला म्हातारा कुणाच्या ओळखीचा नव्हता. तो दाराशी टेकला आणि आत बघत राहिला, असं ह्यांनी मला मागाहून सांगितलं.

"आवो, बाईंचं व्हट हलत्यात की. काय मागत्यात, इचारलं का कुणी?"

इतके प्रश्न निघाले होते, पण मला कुणी काही विचारलं नव्हतं. माझं मन मागायचं थांबलं होतं, ओठ मात्र मागतच होते. आत्याबाईंनी माझ्या तोंडाशी कान लावला.

"पाणी म्हणतीया."

"वैद्यांनी न्हाय म्हटलंय, वैनी."

"जाणाऱ्याला कसलं पथ्य, भावजी?"

त्या उठल्या आणि देवघरातला गंगेचा गडू घेऊन आल्या. काशीहून आणलेला तो तांब्याचा गडू त्यांनी स्वतःच्या शेवटच्या घोटासाठी वर्षानुवर्षं जपला होता. मला तर पुसायलाही देत नसत. त्याचं झाळून बंद केलेलं तोंड त्यांनी सुरीनं उचकटलं. तुळशीच्या पानासकट पहिला चमचा माझ्या तोंडात गेला, मग दुसरा, मग तिसरा.

"वैनी, थेंबभर पुरं असतंय!"

"गप बसा. पिऊ द्या तिला."

अख्खा गडू मी संपवला. दिवेलागणीला घाम फुटला, ताप उतरला आणि मी पेज मागितली. दुसऱ्या दिवशी करकंबची मंडळी गळा काढत दारात आली, तेव्हा मी भिंतीला टेकून भात खात होते. आई रडता रडता हसायला लागली. त्या बांबूंवर पुढे आम्ही घोसाळ्याचा वेल चढवला. घोसाळी तात्याच सगळ्यांत जास्त खायचे. त्या म्हाताऱ्याला ह्यांनी पेठेत पुष्कळ शोधलं, भेटला नाही. तो कोण होता यावर मी वाद घालत नाही. देवाकडे मागते अजूनही, फक्त कधी आणि कुणाच्या हातून द्यायचं ते आता त्याला सांगत नाही.

रिकामा गडू बघून मला मात्र टोचायचं. "आत्याबाई, तुमच्या वेळी काय?" असं विचारलं की त्या म्हणायच्या, "बघंल की त्यो."

बऱ्याच वर्षांनी, नातवाचं लग्न पाहून, त्यांची वेळ आली. मी तोच गडू भरून आणला, तुळशीचं पान घातलं आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन चमचा ओठांना लावला.

"कुटलं गं?" त्यांनी विचारलं.

"आपल्या आडाचं, आत्याबाई."

त्यांनी घोट गिळला आणि हसल्या. "लई ग्वाड हाय की. आनिक दे."