कृष्णातचं हार्कन

कृष्णात शाळेत गेला तो एकदाच, छपरावर कौलं चढवायला. तरी त्याला इंग्रजी येत होतं. हसू नका. मराठी अक्षरं त्यानं दुकानांच्या पाट्यांवरून उचलली आणि इंग्रजी पोत्यांवरच्या छापांवरून. सांगलीच्या पेठेत तो पायगोंडा शेटजींकडं हमाली करायचा. तिथं रद्दीत एक इंग्रजी-मराठी कोश आला. पुढची पानं हळदीच्या पुड्यांत गेली आणि कृष्णातनं झडप घातली तेव्हा एचपासून पुढचा भाग उरला होता.

"शेट, ह्यो मला द्या! पुड्या केळीच्या पानात बांधतो!"

दोन पावसाळे त्यानं नुसता एच घोटला. गावी परतल्यावर लोक त्याला 'एचसाहेब' म्हणत आणि म्हणणाऱ्याच्या अंगावर तो धावून जाई.

त्या एचमध्ये त्याला भेटला 'हार्कन'. अर्थ दिला होता, कान लावून ऐकणे. ऐकून तसे वागणे. शेजारी बारीक टायपात, 'जुना शब्द, आता प्रचारात नाही.' कृष्णात उखडलाच. "म्हंजे साहेबानं ऐकायचं सोडलंय, आन् वर छापून सांगतोय!"

साल चव्वेचाळीस. सरकारी कचेरीकडं पाठ फिरवून गावोगाव लोकांनी आपापली न्यायमंडळं उभी केली होती. कृष्णातच्या गावचं मंडळ ओढ्याकाठी सिद्धनाथाच्या देवळात बसे, वाटेवर पहारा ठेवून. लिहायला कृष्णात.

त्या दिवशी रंगूबाईचा तंटा होता. नवरा पलटणीबरोबर ब्रह्मदेशात. ओढ्यापलीकडची विहीर तिची आणि रानशेजारी हंबीररावाची सामाईक. एक दिवस तिची मोट, एक दिवस त्याची. पण तिच्या दिवशीही हंबीरराव पाणी उपसायचा आणि तिची मोट चिखल घेऊन वर यायची. ऊस पिवळा पडलेला. आणखी आठ दिवस, की गेला चुलीत.

हंबीररावानं भंडारा उचलला. "सिद्धनाथाची आण! बाईच्या पाळीला माझी मोट हलत न्हाई."

रंगूबाई उठली. मंडळाचे प्रमुख नानासो हात वर करून म्हणाले, "बस गं. तुझ्या घरचा कुणी बाप्या बोलंल."

"बाप्या रंगूनच्या वाटंवर हाय. तार करून बोलवा की!"

देवळात खसखस पिकली. नानासो लालेलाल. "लय तोंड हाय! कृष्णात, लिही, दावा फेटाळला."

कृष्णातची कानशिलं तापली. आपलीच माणसं, आपलंच राज्य आणि खोड तीच! दौत लवंडवून तो उभा राहिला आणि छप्पर हादरेल असा ओरडला, "हार्कन!"

"इंग्रजी?" नानासो ताडकन उठले. "हितं?"

"व्हय, इंग्रजी! ऐकू तर बैलालाबी येतं, नानासो. आधी कान लावायचा, मग त्यापरमानं हातपाय हलवायचं, ह्येला म्हंत्यात हार्कन! साहेबानं शब्द टाकून दिलाय. आपून उचलला तर काय बिघडलं? न्हाईतर त्येच्या कचेरीत आन् आपल्या देवळात फरक काय रं, गड्यांनो?"

रंगूबाईनं पदर खोचला.

"माझं नगा ऐकू. आज पाळी माझी हाय आन् माझी बैलं दावणीला हायती. घटकाभर गप बसा. हिरीकडं कान लावा."

देऊळ चिडीचूप झालं. आधी नुसता चिमण्यांचा चिवचिवाट. मग ओढ्यापलीकडून आलं, कुईंऽऽ कुर्रर्र. कुईंऽऽ कुर्रर्र.

हंबीररावाच्या मोटेचं चाक! सगळं गाव ओळखत होतं. मंडळ इकडं बसलंय म्हणताना त्याच्या गड्यानं खुशाल मोट जुंपली होती. हंबीररावाला एकाएकी ढास लागली. तो खो खो खोकू लागला.

"खोकशील मागनं!" नानासो गरजले. सगळे पुढं वाकले. कुईंऽऽ कुर्रर्र.

"माझ्या चाकाला एरंडेल हाय," रंगूबाई म्हणाली. "ते बोलत न्हाई."

नानासोंनी कृष्णातकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. "लिही. हंबीररावाच्या म्होरल्या चार पाळ्या रंगूबाईला."

"शाई सांडलीय," कृष्णात म्हणाला.

"तुमी लिवत बसा," रंगूबाई पायऱ्या उतरत म्हणाली. "पाळी माझी हाय."

जरा वेळानं पलीकडचं कुईं मध्येच तुटलं. कुणी जागचं हललं नाही. कृष्णात, नानासो, सगळे कान लावून बसले. चाकाचा आवाज नव्हता. मग मोटेच्या थारोळ्यात पाणी भदाभदा ओतल्याचा आवाज आला.