नाथाजी मेजरांचा उजवा पाय

रहिमतपुरात एखाद्याच्या दारी नवी गाडी आली की चारी चाकांखाली लिंबं ठेवतात, बॉनेटवर हार चढतो, पुढ्यात नारळ फुटतो आणि किल्ली नाथाजी मान्यांच्या हातात जाते. लिंबं चिरडून पहिली चक्कर मारायचा मान त्यांचा. चौदा वर्षं असंच चाललं आहे. गाडी कोणती घ्यायची हे लोक आधी त्यांनाच विचारतात, तेव्हा पहिल्यांदा तिच्यात बसणारही तेच, एवढं साधं कारण.

नाथाजी सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. गावात निवृत्त जवान सगळेच मेजर, म्हणून तेही मेजर. चोवीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला, त्यातली अकरा लडाखमध्ये. तिथे हवा इतकी विरळ, की माणूस दर दहा पावलांनी थांबतो आणि साधं इंजिन चढावर रडकुंडीला येतं. टर्बोचा ट्रक मात्र चढतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर त्यात एक छोटा पंखा गरगरतो आणि बाहेरची हवा दाबून आत भरतो. पंखा जोरात फिरला की बारीक शिट्टी ऐकू येते. शिट्टी थांबली की ट्रकचा दम गेला. यावरून नाथाजींनी एक नियम केला होता : टर्बो झोपू द्यायचा नाही. रहिमतपुरातल्या निम्म्या लोकांना त्यांनी याच नियमाने गाडी शिकवली.

सून रेश्माला शिकवायलाही ते बसले होते. दुसऱ्या गिअरला ते ओरडले, “दाब!” पुढच्या वळणावर पुन्हा, “दाब की!” रेश्माने गाडी बाजूला घेतली, किल्ली त्यांच्या मांडीवर ठेवली आणि ती चालत घरी आली. पुढे माहेरी, सांगलीला, महिनाभर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन ती गाडी शिकली. ती कृषी सहायक आहे. चार गावं स्कूटीवर फिरते.

घोटाळा झाला तो दादासोंच्या गाडीवरून. दादासो नाथाजींचे शेजारी आणि शिष्य. त्यांना साध्या पेट्रोल इंजिनाची गाडी घ्यायची होती. नाथाजींनी तिथल्या तिथे मोडता घातला. “टर्बोची घे. इंजिन बारकं, वर टर्बो. निजली तर मांजर, उठली तर वाघ. लिटरला अठराच्या खाली आली तर मला येऊन सांग.”

तीन महिन्यांनी दादासो येऊन सांगू लागले, तेही स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर, सातआठ लोकांच्या देखत.

“मेजर, बारा.”

“काय बारा?”

“अ‍ॅव्हरेज. बारा. मांजर झोपतच न्हाई.”

“टायरात हवा कमी असंल.”

“आवं, गेल्या आठवड्यात तुमीच भरली न्हवं?”

“मग तुला चालवता येत न्हाई.”

“शिकवलं कुणी?”

गाड्यावर हशा पिकला. नाथाजींनी कप खाली ठेवला. “रविवारी मी सोता चालवतो. जतला जाऊन यायचं. गाडीनं अठरा न्हाई दिलं, तर आजपासनं रहिमतपुरात कुणाला गाडी सुचवणार न्हाई आन कुणाच्या नव्या गाडीला हात लावणार न्हाई.”

जत ठरलं, कारण तिथे दादासोंची बहीण राहीबाई असते आणि जेवणाची सोय होते. साक्षीला लिहितं माणूस हवं म्हणून रेश्माला मागे बसवलं.

अ‍ॅव्हरेज मोजायची तिथली रीत अशी : टाकी काठोकाठ भरायची, फिरून यायचं, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं पेट्रोल मावेल तेवढं जळलं. काठोकाठ म्हणजे नोझल आपोआप बंद पडल्यावरही थेंब थेंब सोडायचं आणि मधे गाडी दोन्ही बाजूंनी हलवायची, म्हणजे टाकीतली हवा वर येते.

पंपावर काम करणारा गुंडा म्हणाला, “मेजर, कट झालं. वर भरू नका, गाडीला चांगलं न्हाई. बोर्ड लावलाय तिथं.”

“बोर्डाची इज्जत पणाला लागलीय का? हलव.”

रेश्माने वहीत लिहिलं : वीस हिसके.

पुसेसावळी, विटा, कवठेमहांकाळ करत गाडी जतला पोचली. गाळपाचे दिवस असल्याने उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालले होते. नाथाजींनी एकाच्याही मागे गाडी रेंगाळू दिली नाही. पाय दाबला की शिट्टी वाजे, गाडी झेप घेई आणि ट्रॅक्टर मागे पडे. “ऐकलंस का दादासो? ह्याला टर्बो म्हणत्यात.” दादासोंनी दाराच्या वरची कडी धरून ठेवली होती. येताना राहीबाईने शाळू ज्वारीचं पन्नास किलोचं पोतं डिकीत टाकलं.

परत पंपावर टाकी भरली, वीस हिसके मोजले. दोनशे ब्याऐंशी किलोमीटर, चोवीस पूर्णांक एक लिटर. रेश्माने मोबाइलवर भागाकार केला आणि मोबाइल तसाच पुढे धरला. अकरा पूर्णांक सात.

गुंडा म्हणाला, “दादासो, तुमीच बरं चालवताय.”

त्या संध्याकाळी नाथाजी चहाच्या गाड्यावर गेले नाहीत. घरी रेश्मा मेथी निवडत होती. तिच्या शेजारी गाडीबरोबर आलेलं पुस्तक पडलेलं होतं. दादासोंनी तीन महिन्यांत त्याचं प्लॅस्टिकही फाडलं नव्हतं. ते तिने फाडलं होतं.

“मामा,” ती सासऱ्यांना म्हणाली, “शिट्टी किती वेळ वाजत होती?”

“जाताना येताना. एकदाबी झोपू दिला न्हाई.”

“मग पेट्रोल पण एकदाही झोपलं नाही. टर्बो जास्त हवा आत ढकलतो. जास्त हवा आली की तिच्या मापानं जास्त पेट्रोलही लागतं. हवा काय एकटी जळते?”

“मग टर्बो काय कामाचा?”

“इंजिन बारीक ठेवता येतं, हे काम. सावकाश चालवलं तर बारक्या इंजिनाएवढंच पितं. गरज पडली तर मोठ्याचं बळ देतं, पण तेव्हा पितंही मोठ्यासारखं. तुम्ही दिवसभर गरज पाडत होता.”

“लडाखात...”

“लडाखात हवा नव्हती, मामा. पुसेसावळीत आहे की.”

तिने मेथीच्या काड्या कागदावर सारल्या. “पुढच्या रविवारी मी चालवते. गाडीनं अठरा दिलं तर तुमचा शब्द खरा होईल.”

यातली मेख नाथाजींच्या लगेच ध्यानात आली. शब्द खरा ठरला तर पाय खोटा ठरत होता. आणि पाय शाबूत ठेवायचा तर गाडीच वाईट म्हणावी लागत होती, जी त्यांनीच घ्यायला लावली होती. तीन दिवस ते अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. बुधवारी जेवताना म्हणाले, “चालव. पण पंप तोच, माणसं तीच, आन हिसके वीस.”

“बरं.”

“येताना पोतंबी पाहिजे.”

त्यासाठी राहीबाईला फोन झाला. “आणि एक पोतं? तुमी शाळू खाताय का मोजताय?” ती म्हणाली, पण तिने पोतं काढून ठेवलं.

दुसऱ्या रविवारी रेश्मा स्टिअरिंगवर, नाथाजी डावीकडे, दादासो मागे. विट्याच्या अलीकडे पुढे उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्यांचा. रेश्मा त्याच्या मागे राहिली. दोन किलोमीटर राहिली.

“अगं, ऊस वाळाय लागला. काढ की पुढं.”

“समोरून एसटी येतेय.”

“बसंल आपली मधनं.”

“मामा, शिट्टी ऐकू आली का?”

“न्हाई.”

“मग गप्प बसा.”

मागून दादासो खुसखुसले. नाथाजींनी आरशातून त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते जतपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. एसटी गेली, रस्ता मोकळा दिसला, तेव्हा रेश्माने एकदाच पाय दाबला. शिट्टी वाजली, ट्रॅक्टर मागे पडला आणि तिने पाय उचलला. शिट्टी थांबली. गाडी चालत राहिली. दम वगैरे काही गेला नाही. एका फेरीला पंचवीस मिनिटं जास्त लागली, एवढंच.

पंपावर गुंडाने न सांगता हिसके मोजले. किलोमीटर तेच, दोनशे ब्याऐंशी. पेट्रोल पंधरा पूर्णांक दोन. रेश्माने भागाकार केला : साडेअठरा.

“जितलात, मेजर,” दादासो म्हणाले.

“गाडी जितली,” नाथाजी म्हणाले. “तू सोमवारपासनं हिच्याकडं शिकायला ये. मी शिकवलेलं इसर.”

दादासोंची गाडी आता साडेसोळा देते. जुन्या सवयीचे दोन किलोमीटर अजून शिल्लक आहेत.

गाड्यावर मात्र वाद पेटला. गाडीनं अठरा दिलं, म्हणजे पैज मेजरांची. पण त्यांच्या पायाखाली तिनं अकराच दिलं होतं, त्याचं काय? निकाल लागेना. इतक्यात गावातले नानासो सल्ल्याला आले. त्यांची जुनी जीप होती. तिला टर्बो बसवला तर अ‍ॅव्हरेज वाढेल का?

“न्हाई,” नाथाजी म्हणाले. “ताकद वाढंल. नुसता टर्बो बसवून पेट्रोल वाचत न्हाई, गड्या. वाचतं ते बारक्या इंजिनानं आन उचललेल्या पायानं. जीप विकून टाक.”

नानासोंनी जीप विकली आणि पाडव्याला टर्बोची नवी गाडी आणली. म्हणजे सल्ल्याचा मान नाथाजींकडेच राहिला. लिंबं ठेवली, हार घातला, नारळ फुटला. नानासोंनी रिवाजाप्रमाणे किल्ली त्यांच्या हातात दिली. नाथाजींनी ती क्षणभर मुठीत धरली आणि मागे उभ्या असलेल्या रेश्माला दिली.

“आवं मेजर, पहिली चक्कर तुमचीच की,” नानासो म्हणाले.

“मी हाय की गाडीत,” म्हणत नाथाजी डाव्या बाजूला बसले.

लिंबं चिरडली. शिट्टी वाजली नाही. गाडी स्टँडपर्यंत सावकाश गेली आणि सावकाश परत आली. नाथाजी खाली उतरले, तेव्हा डावीकडच्या नव्याकोऱ्या मॅटवर उजव्या टाचेचा एकच ठसा होता, चांगला खोल दाबलेला.