चाळीस नंबरचा माणूस

कापडाच्या त्या गल्लीत त्याला सगळे 'चाळीस' म्हणायचे. खरं नाव होतं, ते मुकादम हजेरीला घ्यायचा. एरवी त्याची कुणाला गरज पडत नसे.

शहरात आला तेव्हा तो हमाल होता. टेम्पोतून कापडाचे गठ्ठे उतरवायचे, पाठीवर घेऊन जिने चढायचे आणि वरच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलाशी टाकायचे. अंगावर घरून आणलेले दोन शर्ट होते. गठ्ठ्याला घासून घासून दोन्ही पाठीत विरले, तेव्हा तो नवा शर्ट घ्यायला निघाला. काचा लावलेल्या मोठ्या दुकानात तो दारातूनच किंमत वाचून परत फिरला. फूटपाथवर भाव बरे होते, पण तिथला शर्ट पहिल्याच धुण्यात आखडला आणि बेंबी दिसायला लागली. स्वस्त तो टिकायचा नाही आणि टिकेल तो परवडायचा नाही. दिवसभर कापड वाहणारा हा माणूस कित्येक महिने पाठीला ठिगळ लावून हिंडत होता.

कारखान्यात पुरुषांचे तयार शर्ट शिवायचे. माल साधा, पण शिलाई इमानदार. शहरातल्या लहान दुकानांत आणि हातगाड्यांवर तो जायचा. नव्या कापाचा शर्ट आधी स्वस्त, जाड्याभरड्या मांजरपाटाचा शिवून एका पुतळ्यावर चढवायचे आणि मगच शेकड्यांनी कापायचे. एकदा जागा बदलताना तो पुतळा जिन्यावरून गडगडला आणि कंबरेतून मोडला. नवा आणायला मालकाने हात आखडता घेतला. "एवढी माणसं आहेत कारखान्यात," तो म्हणाला, आणि विषय संपला.

कटिंग मास्तरांनी मग माणसं तपासली. मालकाच्या पुतण्याचं पोट सुटलेलं, हिशेबनीसाचे खांदे उतरते, आणि इस्त्रीवाल्याचे हात लांब. तेवढ्यात हा हमाल गठ्ठा टाकून घाम पुसत उभा राहिला. मास्तर त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिले.

"इकडे ये. शर्ट काढ."

कापड चोरल्याचा संशय घेतला असणार, असंच त्याला वाटलं. त्याने शर्ट काढला, वर खिसेही उलटे करून दाखवले. मास्तरांनी खिशांकडे ढुंकून पाहिलं नाही. त्याच्या अंगावर मांजरपाट चढवला, भोवती एक फेरी मारली, खांद्यांवर टेप धरला. हमालांचा एक खांदा बहुतेक उतरलेला असतो. हा मात्र गठ्ठा पाठीच्या मधोमध घ्यायचा, त्यामुळे याचे दोन्ही सारखे होते. छाती बरोबर चाळीस नंबरची.

त्या दिवसापासून नवा काप आला की त्याला वर बोलावणं यायचं. हात वर कर, खाली घे, वाक, स्टुलावर बस. सुरुवातीला तो ताठ उभा राहून पोट आत ओढायचा. मास्तर तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाले, "पोट सोड. शर्ट विकत घेणारा काही दिवसभर श्वास धरून हिंडत नाही."

या कामाचा वेगळा पगार नव्हता. मांजरपाटावरून पास झालेला काप एकदा खऱ्या कापडात शिवला जायचा, आणि तो नमुना काम झालं की त्याचा व्हायचा. कपड्यांचा प्रश्न तिथेच मिटला. फक्त मास्तर कापड वाचवायचे. दोन तऱ्हांचे कफ बघायचे असले तर ते एकाच शर्टाला लावायचे, एक उजवीकडे, एक डावीकडे. एका शर्टाची अर्धी कॉलर टोकदार होती आणि अर्धी गोल, एकाच्या दोन बाह्या दोन रंगांच्या. तो ते शर्ट बिनदिक्कत घालायचा. शिलाई पक्की होती आणि शर्ट अंगावर बसायचा, त्याला एवढं पुरत होतं.

कारखान्यात काज-बटणाला एक मुलगी होती. हे दोन कफांचे शर्ट तिच्याच हातून जायचे, म्हणून ते कुणाच्या अंगावर जातात हे तिला ठाऊक होतं. त्यातून ओळख झाली आणि ओळखीतून लग्नाचं ठरलं. तो तिच्या थोरल्या भावाला भेटायला गेला तेव्हा त्यातल्या त्यात बरा शर्ट घालून गेला. भाऊ शाळेत शिपाई होता आणि बारीक नजरेचा होता.

"दोन बाह्या दोन रंगांच्या का?" त्याने विचारलं.

हा काही सांगणार, त्याआधी बहीण म्हणाली, "फुकटचा आहे तो शर्ट. ल्यायचं आणि खायचं दोन्ही पगारात बसवायचंय आम्हाला. रंग बघत बसू का?"

भावाला हसू आलं. लग्न साधेपणाने झालं. एका खोलीचं बिऱ्हाड, खिडकीशी शिलाई मशीन, दाराच्या पाठीमागे खिळ्यावर त्याचे विचित्र शर्ट. सुट्टीच्या दिवशी दोघं फिरायला जायची, तेव्हा तो माणसांपेक्षा शर्ट जास्त बघायचा. बसचा कंडक्टर, न्हावी, औषधाच्या रांगेतला म्हातारा. "हा आपला," तो हळूच सांगायचा. ती मान हलवायची. आपल्या अंगाचं माप एवढ्या अनोळखी लोकांच्या अंगावर आहे, याचं त्याला काय वाटत होतं ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही. पण ओळखीच्या कापाचा शर्ट दिसला की त्याची चाल मंदावायची.

मग जिन्यात अपघात झाला. वरच्या हमालाच्या पाठीवरचा गठ्ठा निसटला आणि याच्या उजव्या खांद्यावर आला. गळ्याखालचं हाड मोडलं. हात झोळीत बांधून तो घरी बसला. हाड जुळलं, पण आखूड जुळलं. झोळी सुटली त्या दिवशी त्याने शर्ट घातला, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, उजवा कफ खाली येतोय."

खांदा दोन बोटं उतरला होता.

मास्तरांनीही टेप लावून पाहिला. दुसऱ्यांदा लावला. "बरा झालास, हे चांगलं झालं," एवढंच म्हणाले. पुढचा नमुना इस्त्रीवाल्याच्या अंगावर चढला. वजन उचलणंही बंद झालं होतं, म्हणून मालकाने याला पॅकिंगच्या टेबलावर बसवलं. शर्टाची घडी घालायची, कॉलरखाली पुठ्ठा सरकवायचा, पिशवीत भरायचा. सुटा माल कामगारांना विकायचा नाही, हा मालकाचा नियम होता.

जुने शर्ट एकेक करून विरले. शेवटी नवरा-बायको बाजारात गेली. लग्नानंतर तो स्वतःसाठी पहिल्यांदाच शर्ट घेत होता. हातगाडीवाल्याने त्याच्याकडे एक नजर टाकली आणि चाळीस नंबर पुढे केला. शर्ट त्याच्याच कारखान्यातला, त्याच्याच अंगावर बेतलेला. त्याने तो चढवला. उजवीकडे गळ्यापासून काखेपर्यंत मोठी चुणी पडली. दुसरा घातला, तिसरा घातला. चुणी तिथेच.

"स्वस्तातला माल, दादा," हातगाडीवाला समजुतीने म्हणाला. "शिवणारे कुठे एवढं बघतात."

"शर्टात काही खोट नाही," तो म्हणाला आणि शर्ट काढून नीट घडी घालून ठेवला.

घरी आल्यावर बायकोने जुन्या रजईचा तुकडा कापला, दुमडून त्याची गादी केली आणि बनियनच्या उजव्या खांद्याला आतून टाचली. तो आधी नको म्हणत होता. मग त्याने बनियन घालून वर विरलेलाच एक जुना शर्ट चढवला आणि आरशासमोर उभा राहिला. चुणी गेली होती. त्याने हात वर केले, खाली घेतले, वाकून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो पॅकिंगचं टेबल सोडून मास्तरांसमोर जाऊन उभा राहिला, पूर्वीसारखा, हात सैल सोडून. मास्तरांनी चष्मा वर केला, जवळ आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बोटांना गादी लागली.

"कुणी लावली?"

"घरी."

"हात चांगला आहे तिचा," मास्तर म्हणाले. त्यांनी हात लगेच काढला नाही. "शर्ट घालायला हे चालेल. शर्ट कापायला नाही चालणार."

"बघावं म्हटलं," तो म्हणाला, आणि टेबलावर परत जाऊन बसला. तोंडात मारल्यासारखं झालं होतं, पण दुपारपर्यंत त्याच्या सगळ्या घड्या सरळ पडल्या.

त्या आठवड्यात त्याने हातगाडीवरून दोन शर्ट घेतले, दोन्ही चाळीस नंबरचे. बायकोने आणखी एका बनियनला गादी टाचली, एक धुण्यात आणि एक अंगावर. पुढे बाजारात इस्त्रीवाल्याच्या अंगावर बेतलेला माल यायला लागला. त्याच्या बाह्या लांब असायच्या. हा त्या कोपरापर्यंत दुमडून घ्यायचा, आणि थंडीत नुसतीच एक घडी घालायचा.