उजव्या खुर्चीतला आवाज

विमान कंपनीत वैमानिकाच्या जागेसाठी दोन प्रकारचे उमेदवार येतात. काही बाहेरून आलेले असतात. परीक्षकांना त्यांची ओळख नसते. काही अंतर्गत, म्हणजे कंपनीतच दुसरे काम करणारे. मी अंतर्गत उमेदवार होतो. वैमानिकाचा परवाना मिळाला तेव्हा भरती बंद होती, म्हणून पुण्याच्या विमानतळावर उड्डाण नियोजनाच्या टेबलावर रुजू झालो. इंधन किती, वजन किती, वाटेत ढग कुठे, हे कागदावर मांडून कॅप्टनपुढे ठेवायचे, हे माझे काम. पुढे सहवैमानिकांच्या जागा निघाल्या. अंतर्गत उमेदवाराला एकच संधी मिळेल, असे परिपत्रकात स्पष्ट लिहिले होते.

अशा वेळी ओळखीचा फायदा होतो, असे लोकांना वाटते. परीक्षक म्हणून जे ज्येष्ठ कॅप्टन येणार होते, त्यांना मी कित्येक वर्षे उभे राहून कागद देत आलो होतो. अडचण नेमकी तीच होती, आणि ती नीट समजावून सांगायला हवी.

उतरणारे विमान एका ठरलेल्या उंचीवर आले, की त्याचा वेग, दिशा आणि खाली येण्याची गती स्थिर झालेली असावी लागते. नसेल, तर उतरायचे नाही; पुन्हा वर जाऊन फेरी घ्यायची. कॅप्टनच्या हे ध्यानात आले नाही, तर उजव्या खुर्चीतल्या सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हणायचे. ती विनंती नसते. ते शब्द कानी पडताच कॅप्टनने वाद न घालता विमान वर न्यायचे असते. परीक्षेत कॅप्टन मुद्दाम चुकतात आणि उमेदवार बोलतो का, ते पाहतात.

माझे आईवडील दोघेही राजगुरुनगरला शिक्षक. मोठ्यांचे बोलणे मध्येच तोडायचे नाही, हे मला मुळाक्षरांच्या आधी शिकवले गेले होते.

मोशीच्या आमच्या घरी सराव सुरू झाला. पत्नी चाकणच्या एका मोटार कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. एका रविवारी पोळ्या आटोपून ती लाटणे हातात धरून माझ्या डाव्या बाजूला बसली.

“मी कॅप्टन. वेग जास्त आहे, तरी मी खाली चाललेय. बोला.”

“सर, वेग थोडा जास्त वाटतोय.”

“बरं. मग?”

“म्हणजे, आपण एकदा पाहिलंत तर...”

“अहो, हा अर्ज झाला,” ती म्हणाली. “आमच्याकडे लाइनच्या कडेने दोरी असते. गाडीचं दार नीट बसलं नाही असं दिसलं, की साधा ऑपरेटर ती ओढतो आणि सगळी लाइन थांबते. तो साहेबांना विचारत बसला, तर गाडी पुढे जाते. परत म्हणा.”

पोळ्या गार झाल्या. शेवटी मी ‘गो अराउंड’ इतक्या जोरात म्हणालो, की शेजारच्या काकू दारात आल्या. “काय झालं हो?”

“काही नाही काकू, विमान उतरवतोय. यांना धावपट्टी सापडेना.”

परीक्षा दुसऱ्या शहरात होती. सिम्युलेटर म्हणजे यांत्रिक पायांवर उभी असलेली, खोलीएवढी पेटी. ते ज्येष्ठ कॅप्टन डाव्या खुर्चीत बसले, मी उजव्या. दार बंद झाले आणि थोड्याच वेळात ती पेटी आहे, हे मी विसरलो. समोर धुके, आणि त्यातून वर येणारे धावपट्टीचे दिवे. ज्या यंत्राचे वजन मी रोज कागदावर मांडत आलो, त्याची थरथर तळव्यांना जाणवत होती.

ठरलेली उंची आली. वेग जास्त होता.

“सर, स्पीड,” मी म्हणालो.

“हो,” ते म्हणाले आणि तसेच खाली जात राहिले.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो शांत होता. इतकी वर्षे त्या शांतपणाचा अर्थ मी एकच लावला होता: सारे ठीक आहे. दिवे मोठे होत गेले.

“गो अराउंड.”

माझा आवाज फारसा मोठा नव्हता. तरी त्याच क्षणी त्यांचा हात पुढे सरकला, इंजिने गर्जली, विमानाचे नाक वर उचलले गेले आणि ते दिवे पोटाखाली नाहीसे झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. पुढची ठरलेली वाक्ये मी म्हणत गेलो. विमानभर माणसे एकाच माणसाच्या अनुभवावर सोडायची नाहीत, म्हणून कोणीतरी विचारपूर्वक हे घडवले होते: केस पिकलेल्या माणसाने नवख्याच्या दोन शब्दांवर हात हलवायचा. नियम मला पाठ होता. तो एवढा अजस्र आहे, हे मला ठाऊक नव्हते.

नंतरच्या आठवड्यात ते कॅप्टन पुण्याहून निघणाऱ्या उड्डाणासाठी आले. मी सवयीने उभा राहिलो आणि कागद दिले.

“या टेबलावर नवा माणूस तयार करायला किती दिवस लागतात?” सही करता करता त्यांनी विचारले.

“कशासाठी, सर?”

“पुढच्या बॅचमध्ये तुमचं नाव आहे. पत्र येईलच.” त्यांनी कागद उलटला. “इंधन आज कमी धरलंय का?”

माझा आकडा मी पुन्हा तपासला. “नाही, सर. बरोबर आहे.”

त्यांनी त्या पानावरही सही केली.

“ठीक,” ते म्हणाले, आणि विमानाकडे निघाले.