किळसेने तंबाखू सुटत नाही

मी धारच्या एका शाळेत गणित शिकवते आणि अकरा वर्षं मी चोरून तंबाखू खाल्ली. टपरीवर मिळणारी, चुना मिसळलेली पुडी. पहिली खाल्ली ती दाढ दुखत होती म्हणून. पुढच्या सगळ्या दाढ दुखत नव्हती तरी. वर्गात थुंकता येत नाही, म्हणून पर्समध्ये खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली ठेवायची. दोन तासांच्या मध्ये बाथरूममध्ये जाऊन तिच्यात थुंकायचं, झाकण लावायचं आणि पुन्हा फळ्यासमोर उभं राहायचं. मुलांवर मात्र मी नखं वाढली म्हणून ओरडत असे.

एका मार्चमध्ये, परीक्षेच्या दिवसांत, स्टाफरूममध्ये बाटलीचं झाकण सैल राहिलं. पर्समधून तपकिरी ओघळ निघाला आणि आठवीच्या उत्तरपत्रिकांवर पसरला. शाळेची झाडलोट करणारी बाई धावत आली. औषध सांडलं असं समजून तिने ते हातानेच निपटलं, मग बोटं नाकाशी नेली.

"मॅडम, या दवई नी है," ती हळूच म्हणाली.

मी कपाटात काहीतरी शोधत असल्याचं सोंग केलं. ती नळावर गेली आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धूत राहिली. मला स्वतःची इतकी किळस आली की उमासे येऊ लागले. आणि मग मी काय केलं? बाटली विसळली आणि नवी पुडी फोडली. त्या उत्तरपत्रिका उन्हात वाळवल्या आणि तशाच, वास येत असताना, तपासल्या.

महिन्याभरात तोंड उघडेनासं झालं. पोळीचा घास बारीक करून आत सरकवावा लागे. हे मला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी आरशाने गालाच्या आतला पांढरा चट्टा पाहिला आणि विचारलं, "कब से खा रही हैं?"

"मैं? मैं तो कुछ नहीं खाती," मी म्हटलं. बोलताना माझ्या तोंडाचा भपकारा त्यांच्या मास्कवर गेला असणार. ते मागे सरकले.

घरी आल्यावर ह्यांनी शिवणयंत्राच्या खणातून, पिठाच्या डब्यामागून, देवघराच्या फळीखालून पुड्या काढून टेबलावर ठेवल्या. एकही जागा चुकली नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"मी इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून का झोपतो, असं वाटलं तुला?"

मला वाटलं होतं त्यांची पाठ दुखते.

चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. तो कर्करोग नव्हता, पण पुडी चालू राहिली तर व्हायला वेळ लागणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुट्ट्या लागल्या तशी ह्यांनी माझी रवानगी देवासला, माझ्या थोरल्या वन्संकडे केली. त्यांच्या कॉलनीत बहुतेक घरं महाराष्ट्रातून कारखान्यांत नोकरीला आलेल्यांची. शेजारी एक निवृत्त नर्स राहत. दुपारी त्यांच्या पुढच्या खोलीत दारू, तंबाखू सोडू पाहणारे चार-पाच जण जमत आणि त्या त्यांना ध्यानाला बसवत. वन्संनीच मला तिकडे नेलं, पण फाटकाशी थांबवून कानात म्हणाल्या, "बस, ऐक, पण काही खाऊपिऊ नकोस हो. ते बौद्ध आहेत." मी मान डोलावली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज लिहितानाही लाज वाटते.

खोलीत माझ्या शेजारी एक ट्रकवाला बसला होता. दारू सोडून त्याला चार दिवस झाले होते. त्याचे हात थरथरत होते, ओठांच्या कडेने लाळ गळून शर्टावर पडत होती. मी सतरंजीवर वीतभर लांब सरकले. नर्सबाईंनी ते पाहिलं. त्या उठल्या, आपल्या रुमालाने त्याची हनुवटी पुसली, हात धुतले आणि सगळ्यांना पाणी आणलं. मी पेला घेतला नाही.

"तहान नाही, की आमच्याकडचं नको?" त्यांनी सरळ विचारलं.

"आज उपास आहे."

"उपासाला पाणी चालतं."

आवाजात राग नव्हता. पेला माझ्यापुढे ठेवून त्या समोर बसल्या. "डोळे मिटा. श्वास बघा. तल्लफ आली तर तिला हाकलू नका आणि तिचं ऐकूही नका. ती अंगात कुठे आहे, तेवढं बघा."

मी बघितलं. जिभेखाली पाणी सुटलं होतं, जबडा आवळला होता, डाव्या गालात, जिथे पुडी असायची, तिथे मुंग्या. मग समोरच्या पेल्याचा विचार आला आणि घसा आकसला. दोन्ही गोष्टी एकाच तोंडात, दोन बोटांच्या अंतरावर. तंबाखूची सवय मी चाळिशीत लावून घेतली होती; ही दुसरी दुधाचे दात पडायच्या आधी कोणीतरी लावून दिली होती. आणि तिला आमच्या घरी संस्कार म्हणत. अकरा वर्षं थुंकी पर्समध्ये बाळगणारी बाई एका स्वच्छ पेल्याला घाबरून बसली होती. मला माझी किळस आली, आमच्या घराची आली, फाटकाशी झालेल्या त्या कुजबुजीची आली. डोळे उघडून मी पाणी प्यायले. हे काही शौर्य नव्हतं. पेला खाली ठेवताना घसा आकसलेलाच होता.

मी रोज जाऊ लागले. बाईंनी पंचशील समजावलं. त्यातलं पाचवं नशेपासून दूर राहण्याचं. ते कोणी लादत नाही, आपण आपल्यापुरतं घ्यायचं, असं त्या म्हणत. शरीरात काय काय भरलंय ते एकेक आठवण्याचं एक ध्यानही होतं: केस, नखं, पित्त, पू, थुंकी. थुंकीपाशी मी दर वेळी अडखळे.

चौथ्या आठवड्यात घसरले. बसस्टँडवर पुडी घेतली, भिंतीच्या आडोशाला चघळली आणि आधीच लाल झालेल्या कोपऱ्यात थुंकले. दुपारी सगळ्यांसमोर ते सांगितलं.

"होता है, भिया," ट्रकवाला म्हणाला, मग जीभ चावली. "मतलब, बहनजी."

बाईंनी विचारलं, "थुंकल्यावर काय वाटलं?"

"किळस."

"किळसेनंतर?"

"आणखी एक हवीशी वाटली."

"मग ही किळस कोणाच्या कामाची? तुमच्या, की पुडीच्या?"

मला स्टाफरूममधला तो दिवस दिसला. इतकी वर्षं मी समजत होते की अजून थोडी किळस आली की सुटेल. किळस यायची, ती सोसवत नसे, आणि ती विसरायला मी पुडीच फोडायचे. त्या दिवसापासून किळस आली की मी तिलाही तल्लफेसारखंच बघत बसू लागले. ती येई, ओसरे. पुन्हा येई. जुलैत धारला परतले तेव्हा पुडी सुटून पाच आठवडे झाले होते. आता दोन वर्षं झाली. तोंड अजून दोनच बोटं उघडतं. ते तसंच राहणार.

मात्र बाईंच्या घरी मी चहापाणी घेत होते, हे वन्संना कळलं. गेल्या वर्षी त्यांच्याकडे महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला नेहमीप्रमाणे ह्यांच्यासोबत गेले, तर त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दारातच थांबवलं.

"तू यंदा बाहेरच बस. सोवळ्यातलं आहे."

"वन्सं, गालात तंबाखू धरून मी तुमचं पुरण वाटलंय. एक वर्ष नाही, अकरा."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तोंडाला पदर लावून त्या मोरीकडे गेल्या. मला वाटलं होतं की हे सांगून बरं वाटेल. मुळीच वाटलं नाही. तीच जुनी किळस परत आली. मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. आत कोणीतरी पुरण वाटत होतं, वेलदोड्याचा वास येत होता. मी जेवायला थांबले नाही. ह्यांना म्हटलं, "चला," आणि आम्ही धारची बस धरली.