बैठकीतला कापूस

वडील गेल्यावर सांत्वनाला दारावर येणारी माणसं आमच्या बैठकीत कापसाला टेकून बसत. निम्मी खोली छतापर्यंत भरलेली होती. बोलणं त्या पांढऱ्या ढिगात मुरून जाई; कोणी खोकलं तरी ते तापीपलीकडून आल्यासारखं वाटे. मी तळोद्याच्या शाळेतून रजा घेऊन आले होते. मांडीवर पुस्तक असे, पान उलटत नसे.

हा कापूस चांगल्या भावात विकला गेला असता. माझे मामा कापसातून सरकी काढायची जिनिंग चालवतात, गिरणीवाल्यांच्या संघात आहेत. परदेशी कापसावरचा कर काढावा म्हणून संघाची माणसं दिल्लीला जात. एका संध्याकाळी मामा मुद्दाम आमच्याकडे आले होते.

"पाव्हना, दोन रोजमा कर जाई. कापूस इकी टाका."

वडील सुपारी कातरत होते. "तुमले दिल्लीले कोणी निवडी दिधं?"

"निवडाले कशाले जोयजे? संघनी चिठ्ठी जास, साहेब चहा पाजस."

"गावले सांगू का?"

"गावले सांगशात ते बजार आजच पडी."

"मंग ऱ्हाऊ द्या."

कर गेला, भाव पडला. वडील दिवेलागणीला ढिगावर हात ठेवून नुसते उभे राहत. महिन्याभराने गेले, जुन्या हृदयविकारानं. कापसाशी त्याचा संबंध नव्हता. मी मात्र तो जोडत राहिले.

शाळेत मी मुलांना कायदा कसा होतो ते शिकवते. मतदान, सभागृह, चर्चा, सही. फळ्यावर चौकोन आणि बाण. त्या आकृतीत मामांसाठी चौकोन नाही. आणि मामा वाईटही नाहीत. वडील दवाखान्यात होते तेव्हा उशाशी तेच बसून होते.

दहाव्याला सगळे उठून गेले, मामा थांबले.

"बेटा, हाऊ कापूस मी लई जास. जुनाच भाव देसू. फक्त कोणले सांगू नको."

हो म्हणावंसं वाटलं. त्या ढिगात वडिलांचं शेवटचं अख्खं वर्ष होतं, आणि ते मातीमोल जाऊ नये एवढीच माझी इच्छा होती. खिडकीतून समोरच्या काकांचं घर दिसत होतं. त्यांच्याही खोलीत तेवढाच कापूस पडून होता.

"काकांचा घ्याल?" मी विचारलं.

मामा हसले. "आख्खा गावना कसा लेऊ, बेटा?"

मग हसू ओसरलं. बाहीला चिकटलेले तंतू ते एकेक करून काढत राहिले. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, चहाही घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात गावाचे ट्रॅक्टर बाजार समितीकडे निघाले, त्यांत आमचाही. मी कापसावर आडवी पडले होते. रस्ता दिसत नव्हता, फक्त आभाळ मागं सरकत होतं. खरेदीत सर्वांत वरची बोली मामांच्याच मुनीमानं लावली. काकांच्या कापसाला जो पडका भाव मिळाला, तोच आमच्याही.